त्रेचाळीस फोटोंतला माणूस

आईच्या ट्रंकेतल्या तिसऱ्या अल्बमला वाळवी लागली, तेव्हा मी ठरवलं की आता फोटो नुसत्या कागदावर ठेवायचे नाहीत. अल्बम उघडला तर माझ्या लग्नाच्या सहा पानांची माती झालेली. आईने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "नवरा तेवढा शाबूत राहिलाय बघ." खरंच, माझा नवरा मुंबा सुटाबुटात एकटाच उभा होता आणि शेजारची मी वाळवीच्या पोटात गेले होते.

मुंबा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, महिन्यातून चार दिवस घरी असतो. मुलगी चोला एन्डोला शहरात नर्सिंग शिकते. त्यामुळे कित्वे या खाणींच्या शहरातल्या घरात मी आणि आई अशा दोघीच. मी सरकारी इस्पितळात एक्स-रे काढते.

फोटो इंटरनेटवर ठेवायचे तर दर महिन्याला डॉलरमध्ये भाडं, शिवाय ते वर चढवायला लागणारा डेटा वेगळा. माझा थोरला भाऊ काटोंगो लुसाकात शाळेत गणित शिकवतो. तो म्हणाला, "आपली ट्रंक दुसऱ्याच्या घरात कशाला ठेवायची? आपलीच एक करू. एक तुझ्याकडे, एक माझ्याकडे. तुझं घर जळलं तर माझ्याकडे राहील."

"तुझं का नाही जळणार?"

"मी शिक्षक आहे. माझ्या घरात जळण्यासारखं काही नसतं."

मग मी 'चिसोकोने' नावाच्या बाजारात जाऊन एक जुना, वहीपेक्षा थोडा मोठा ऑफिसातला कॉम्प्युटर घेतला. दुकानदार म्हणाला, "बिनधास्त न्या ताई. जिथून आलाय तिथे कोणी कामच करत नव्हतं, नवाच समजा." हार्डडिस्क मात्र दोन घेतल्या आणि कोऱ्या घेतल्या. एकीवर जे जाईल तेच दुसरीवरही जाईल, म्हणजे एक मेली तरी दुसरी राहील. प्रोग्रॅम सगळे फुकटचे. त्या वर्षी पाऊस झाला नव्हता, धरणात पाणी नव्हतं आणि वीज दिवसातून तीन-चार तास यायची, म्हणून एक बॅटरीही जोडली. पंधरा दिवस डोकं खाल्लं त्याने, पण आमचा घरचा सर्व्हर चालू झाला. घरात आलेला फोन वायफायला लागला की त्यातले फोटो आपोआप त्यात जायचे. आईच्या चर्चच्या कॅसेटी मी त्यात उतरवल्या, त्या टीव्हीवर वाजायच्या. आईने त्यावर लगेच क्रोशाचा रुमाल घातला. मी काढला. तिने परत घातला.

"मायो, ते तापतं."

"तापू दे. उघडं बरं दिसत नाही."

जुने फोटो स्कॅन करायला अडीच महिने गेले. अकराशेच्या वर फोटो. आई शेजारी बसून सांगायची, हा कोण, ही कोण, हिचा नवरा कसा पळून गेला. चेहरे ओळखण्याचं काम मी मुद्दाम चालू केलं नव्हतं. ते त्या फोटोंच्या प्रोग्रॅममध्येच होतं. तो एकसारखे चेहरे शोधून एका ठिकाणी लावतो आणि विचारतो, हे कोण? माझ्या त्या गरीब कॉम्प्युटरला एवढ्या कामाला चार दिवस लागले. मग यादीसकट सगळ्याची एक प्रत लुसाकाला काटोंगोच्या कॉम्प्युटरवर गेली.

एका शनिवारी सकाळी दहाला वीज आली आणि मी यादी उघडली. आई तीनशे अठ्ठ्याऐंशी फोटोंत. मी, काटोंगो, चोला. बाबा एक्क्याण्णव फोटोंत, ते अठ्ठ्याण्णव साली गेले. मग आत्या. आणि आत्यानंतर एक माणूस, त्रेचाळीस फोटोंत. नावाच्या जागी प्रश्नचिन्ह.

मला वाटलं यंत्राचा गोंधळ झाला असेल. चारपाच काका मिळून एक माणूस केला असेल. हसत हसत मी फोटो उघडले.

माझं कामच आहे ते. चित्रात जे नसायला हवं ते शोधायचं. हाडाला गेलेली केसाएवढी चीर मला दिसते. आणि हा माणूस मला कधी दिसला नव्हता. माझ्या बाप्तिस्म्याला तो भिंतीला टेकून कप घेऊन उभा. काटोंगोच्या पहिल्या कम्युनियनला केळीच्या झाडापाशी. आत्याच्या लग्नात शेवटच्या रांगेत. बाबांच्या अंत्यविधीला हातात टोपी घेऊन. माझ्या लग्नात, वाळवीतून वाचलेल्या एका फोटोत. चोलाच्या बाप्तिस्म्याला. दोन वर्षांपूर्वी मावशी गेली तेव्हाही. मी फोटो तारखेने लावले आणि माझ्या डोळ्यांदेखत तो माणूस म्हातारा होत गेला. केस मागे सरले, पिकले, खांदे उतरले. डाव्या भुवईवर एक व्रण, तो मात्र पहिल्या फोटोपासून शेवटच्या फोटोपर्यंत तसाच.

यंत्र चुकलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट दिसली आणि मी खुर्चीतून उठलेच. तो कॅमेऱ्याकडे कधीच बघत नव्हता. जुन्या फोटोंत तो बाबांकडे बघत होता. नव्या फोटोंत आमच्याकडे.

मी काटोंगोला फोन लावला. त्याला मी याया म्हणते, थोरल्या भावंडाला म्हणतात तसं. "याया, तुझ्याकडे प्रत आलीय ना? नाव नसलेल्यांत पहिला माणूस बघ."

"कोण आहे? आईचा कोणी जुना आशिक?"

"बघ आधी."

बराच वेळ तिकडून नुसता कीबोर्डचा आवाज येत राहिला. मग तो थांबला.

"लोंबे, हा माणूस माझ्या कम्युनियनला होता. याने माझ्या बुटाची नाडी बांधली होती. मला आठवतंय. गुडघ्यावर बसून बांधली होती." थोड्या वेळाने त्याने विचारलं, "मी त्याच्यासारखा दिसतो का? खरं सांग."

"वेडा आहेस का? बाबांचे कान आहेत तुला. हत्तीसुद्धा ओळखेल."

"मग तू बघ तुझं तोंड आरशात."

मी खरंच आरशात बघितलं. सांगायला लाज वाटते, पण बघितलं.

आई अंगणात शेंगा सोलत होती. मी तिला आत आणलं आणि तो चेहरा टीव्हीवर मोठा करून लावला. आईला सगळे बना काटोंगो म्हणतात, काटोंगोची आई. सत्तर वर्षांची आहे, पण एकदा बघितलेला चेहरा विसरत नाही.

"मायो, हे कोण?"

"हे होय! हे तर तुझ्या बाबांकडचे. लुवापुलाचे भाऊजी." तिने शेंगांचं सूप मांडीवर घेतलं. "फार सभ्य माणूस. चहा प्यायला की कप स्वतः धुऊन ठेवायचे. तुझ्या काकांपैकी एकाने तरी कधी धुतलाय का?"

"नाव काय त्यांचं?"

"भाऊजीच म्हणायचे मी."

मी आत्याला फोन लावला, स्पीकरवर. बाबांची एकुलती एक बहीण. फोटो तिच्या फोनवर पाठवला. ती लगेच म्हणाली, "ओळखत नाही कसं? हे तुझ्या आईकडचे ना, कसामाचे? मी प्रत्येक कार्यात त्यांना पुढची खुर्ची द्यायला जायचे आणि ते म्हणायचे, नको, मी मागेच बरा."

आईच्या मांडीवरचं सूप घसरलं. शेंगा सगळ्या खोलीभर झाल्या.

"आमच्याकडचा नाही तो," आई फोनकडे बघून म्हणाली. "प्रिस्का, आमच्याकडे कोणाच्या भुवईवर व्रण नाही."

"मग आमच्याकडचा तर मुळीच नाही," आत्या म्हणाली. "अगं बाई. मग आहे कोण तो?"

टीव्हीवर तो माणूस चोलाच्या पाळण्याकडे बघत होता. आईने मला तो बंद करायला सांगितला आणि शेंगा वेचायला खाली बसली.

"चाळीस वर्षं," ती म्हणाली. "चाळीस वर्षं मी परक्या माणसाला भाऊजी म्हणत आले. माझ्या मुलांना त्याच्याजवळ सोडलं, लोंबे."

आत्याने दुपारपर्यंत सगळ्या नातेवाइकांत बोभाटा केला. कोणी म्हणालं करणी करणारा असणार, कोणी म्हणालं बाबांचा गुपचूप ठेवलेला भाऊ. मी मात्र शेवटचा फोटो पुन्हा मोठा केला, मावशीच्या अंत्यविधीचा, चोलाच्या फोनमधून आलेला. तो सगळ्यांत स्पष्ट होता. त्यात त्याच्या अंगात छापील कापडाचा शर्ट होता, चर्चचे पुरुष मंडळवाले शिवतात तसा, आणि खिशाच्या वर अक्षरं होती: चिमवेमवे. आमच्या घरापासून मिनीबसने अर्ध्या तासावर.

काटोंगो म्हणाला, "एकटी जाऊ नकोस. पुढच्या महिन्यात मी येतो."

पुढच्या महिन्यापर्यंत मला श्वास घेता आला नसता. रविवारी मी गेले. प्रार्थना संपली होती, लोक बाहेर पडत होते. दारातल्या एका बाईला मी फोनवर फोटो दाखवला.

"बा न्यिरेंडा होय? आत आहेत, बाकं सरळ करतायत. त्यांची पुतणी का तुम्ही?"

"नाही," मी म्हणाले. काय आहे मी त्यांची, ते मला सांगता येईना.

ते वाकून एक बाक ढकलत होते. माझ्या चपलांचा आवाज ऐकून त्यांनी वर बघितलं, आणि हातातलं बाक तसंच राहिलं.

"लोंबे," ते म्हणाले. "कोण गेलं? मला कोणी कळवलं नाही."

मला नवल वाटलं. त्यांनी मला चेहऱ्याने ओळखलं याचं नाही. या माणसाला वाटलं की आमच्या घरी कोणी गेलं असेल तर त्याला कळवायला यावं लागेल, याचं.

"कोणी गेलेलं नाही," मी म्हणाले. "तुम्ही कोण आहात?"

ते बाकावर बसले, मी समोरच्या. खूप वेळ तळवे गुडघ्यांवर घासत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "बरं झालं विचारलंस. मला वाटलं होतं बना काटोंगो विचारतील एखाद्या दिवशी. त्यांनी नेहमी चहाच दिला."

त्यांचं नाव एनोक न्यिरेंडा; 'बा' आमच्यात मानाने लावतात. मूळचे पूर्वेकडचे. एक्क्याऐंशी साली ते तीस वर्षांचे होते आणि सरकारच्या एका खात्यात कामाला होते. खात्याचं नाव त्यांनी घेतलं नाही, मीही विचारलं नाही. तेव्हा देशात एकच पक्ष होता आणि बाबा खाणकामगारांच्या युनियनमध्ये होते. न्यिरेंडांना एक नाव दिलं गेलं, जॉब साम्पा. माझ्या बाबांचं. जिथे चार माणसं जमतील तिथे जायचं, कोण आलं, काय बोललं ते ऐकायचं आणि सोमवारी लिहून द्यायचं.

"तुझ्या बाप्तिस्म्याला मी कामावर होतो," ते म्हणाले. "तुझ्या लग्नाला स्वतःहून आलो."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "काटोंगोच्या कम्युनियनला?"

"कामावर." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "त्या दिवशी घरामागे सहाजण बसले होते. संपाचं बोलणं चाललं होतं. मी केळीपाशी उभा होतो. तुझा भाऊ पळत आला, बुटाची नाडी सुटली होती, पडला असता. ती बांधली मी. आणि बांधता बांधता सगळं ऐकलं."

तीन आठवड्यांनी बाबांना उचललं होतं. मी पाच वर्षांची होते. मला एवढंच आठवतं की दारात दोन गाड्या होत्या आणि बाबांच्या एकाच पायात बूट होता. आठ महिने ते आत होते.

"म्हणजे तुम्ही..."

"माझ्याच कागदावरून. मी खोटं काही लिहिलं नाही. खोटं लिहिलं असतं तर बरं झालं असतं. खोटं त्यांना सिद्ध करता आलं नसतं."

चर्चमध्ये आता कोणी नव्हतं. या माणसाला मारावं की पळून जावं ते कळत नव्हतं. मी फक्त विचारलं, "मग नंतर का येत राहिलात? एक्क्याण्णवला तर ते सरकारच गेलं."

"आम्हाला घरी पाठवलं. पहिल्या शनिवारी सकाळी उठलो, दाढी केली. कुठे जायचं ते कळेना. तुझ्या काकांच्या मुलीचं लग्न होतं, तारीख मला पाठ होती. शर्टाला इस्त्री केली आणि आलो. पश्चात्ताप म्हण, सवय म्हण. मला तीन मुलं आहेत. त्यांच्या वाढदिवसांना मी कधी नव्हतो. शनिवार-रविवार मी तुमच्याकडे असायचो. तुझा गुडघा कधी मोडला ते मला माहीत आहे, माझ्या मुलीला कोणता ताप आला होता ते माहीत नाही."

"माझ्या बाबांना हे कळलं असतं तर..."

"त्यांना माहीत होतं."

मी उठून उभी राहिले.

"ते सुटून आले, तेव्हा तुमच्याकडे जेवण होतं. मी तिथेही कामावर होतो. तुझे बाबा एकदम वाळले होते. ते ताट घेऊन गर्दीतून सरळ माझ्याकडे आले. ताटात कोंबडीचा पेटा होता."

पेटा, कोंबडीच्या पोटातला हा एकच तुकडा, आमच्यात घरच्या कर्त्याच्या ताटात पडतो. दुसऱ्या कोणाला तो देत नाहीत, मागतही नाहीत.

"ते म्हणाले, 'खा, बा न्यिरेंडा.' माझं नाव घेऊन. आणि म्हणाले, 'हेही लिही.' ते माझ्यासमोर उभे राहिले, मी खाऊन संपवेपर्यंत. सगळे हसत होते, कोणाला काही कळलं नाही. ते मी लिहिलं नाही. लिहायचं सोडलेली ती एकच गोष्ट."

मी निरोपही न घेता बाहेर पडले. बसथांब्यापर्यंत कशी चालले ते आठवत नाही. घरी येऊन मी आधी सर्व्हरवर त्या जेवणाचे फोटो शोधले. सत्याऐंशी सालचे सातच आहेत. पाचव्यात बाबा पाठमोरे, हातात ताट, आणि ते कोणाला तरी देतायत. त्या माणसाचं तोंड बाबांच्या खांद्याआड. चेहराच नव्हता, म्हणून यंत्राने तो मोजला नव्हता. हा चव्वेचाळिसावा.

आईला सगळं सांगितलं. पेट्याचं ऐकल्यावर फक्त म्हणाली, "जॉबने मला सांगितलं नाही. अकरा वर्षं माझ्या शेजारी झोपला आणि सांगितलं नाही." दोन दिवस तिने चर्चची गाणी लावली नाहीत. मी कामावरून यायचे तर ती त्याच खुर्चीत. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "त्याला इथे बोलाव."

"मायो, कशाला? काटोंगोला येऊ दे."

"काटोंगोला नंतर. मला एक विचारायचंय."

ते शनिवारी सकाळी दहाला आले. दाराबाहेरच गुडघे वाकवून त्यांनी हात जोडून टाळी वाजवली, मोठ्यांच्या घरी वाजवतात तशी. आईने उत्तराची टाळी वाजवली नाही. माझ्या जन्मात मी तिला असं करताना पाहिलं नव्हतं.

"बस म्हणणार नाही मी तुला," ती म्हणाली. इतकी वर्षं भाऊजी, तुम्ही, आणि आता एकदम तू.

"बरोबर आहे, बना काटोंगो."

"माझं बाळ गेलं, तेव्हा होतास तू?"

कासुबाचं नाव आमच्या घरात निघत नाही. बाबा आत असताना तो जन्मला आणि तीन महिन्यांनी गेला. बाबांची नोकरी गेली होती, त्यामुळे खाणीच्या दवाखान्याचं कार्डही गेलं होतं. त्याचा एकही फोटो नाही. मला फक्त त्याचं रडणं आठवतं आणि नंतरचं न रडणं.

न्यिरेंडांनी मान खाली घातली. "होतो."

"मी तुला बघितलं नाही."

"तुम्ही वर बघतच नव्हता. माणसं आली नव्हती, घाबरली होती. खणायला दोघेच, तुमचे भाऊ आणि शेजारचे एक म्हातारे. त्या म्हाताऱ्यांना दम लागला. मग त्यांचं फावडं मी घेतलं."

"आणि सोमवारी लिहिलंस."

"हो."

"काय लिहिलंस?"

"ते नको, बना काटोंगो."

"सांग."

ते तोंडातल्या तोंडात बोलले, पण आम्हा दोघींना ऐकू आलं. "हजर माणसं सहा. भाषण झालं नाही. दखल घेण्याजोगं काही नाही."

आईच्या तोंडून एक आवाज निघाला. तो हुंदका नव्हता, किंकाळीही नव्हती. मी तिला धरायला गेले, तिने मला बाजूला केलं.

"कुठे पुरलं ते लिहिलंस?"

त्यांनी वर बघितलं. मीही आईकडे बघितलं, कारण ती हे का विचारतेय ते मला त्या क्षणी कळलं. कासुबा गेल्यावर पंधरा दिवसांत आम्हाला खाणीचं घर सोडावं लागलं. आई आम्हा दोघांना घेऊन तिच्या गावी, कसामाला गेली. बाबा सुटले, जेवण झालं ते काकांच्या घरी, आणि मग काम शोधत आम्ही पाच वर्षं बाहेरच होतो. परत आलो तोवर स्मशानात पुरुषभर गवत, लाकडी क्रूस वाळवीने खाल्लेले. मामाही गेला होता. आईने कितीतरी वर्षं शोधलं. मग ती नुसती फाटकाशी फुलं ठेवून यायला लागली.

"रांग आणि नंबर लिहायची सक्तीच असायची," न्यिरेंडा म्हणाले. "बाविसावी रांग. पूर्वेकडून नववा."

"आठवतं तुला?"

"मला सगळंच आठवतं. तेच तर झालंय माझं."

आईने डोक्याला चितेंगेचं छापील कापड बांधलं आणि उठली. "चल."

टॅक्सीत ती पुढे बसली, आम्ही दोघं मागे. स्मशानात न्यिरेंडा पुढे झाले. ते रांगा मोजत चालले, ओठ हलवत. मधल्या काही रांगांत नव्या फरश्या झाल्या होत्या, तिथे ते थांबायचे, मागे जायचे, पुन्हा मोजायचे. माझा विश्वास नव्हता. सदतीस वर्षांपूर्वीचा आकडा कोण डोक्यात ठेवतं? मग एका जागी ते गुडघ्यांवर बसले आणि हातांनी गवत उपटायला लागले. नखं मातीने भरली. वीतभर खाली एक गंजलेली लोखंडी खुंटी लागली. तिच्या माथ्यावर पालिकेने ठोकलेले आकडे होते. त्यांनी ते बोटाने घासले.

बावीस. नऊ.

आई तिथेच मातीत बसली. तिने दोन्ही तळहात जमिनीवर ठेवले, अंगात ताप आहे का बघायला लेकराच्या पाठीवर ठेवावेत तसे. तिचा रंग राखेसारखा झाला होता. मला वाटलं तिला काही होतंय. पण ती बोलायला लागली, अगदी हळू, माझ्याशी नाही, आमच्या कोणाशीच नाही. मी दोन पावलं मागे आले.

न्यिरेंडा अजून गुडघ्यांवरच होते. बऱ्याच वेळाने आईने त्यांच्याकडे बघितलं.

"आता तू जा."

"हो."

"माझ्या घरी परत येऊ नकोस. लग्नाला नाही, मयताला नाही. मी गेले तरी नाही."

"हो, बना काटोंगो."

ते उठले. हात झटकले नाहीत. रांगांमधून चालत फाटकाकडे गेले, आणि आई ते दिसेनासे होईपर्यंत बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग होता का, आणखी काही होतं का, मला ओळखता आलं नाही. निघताना तिने मला त्या जागेचा फोटो काढायला लावला. नुसती माती, उपटलेलं गवत आणि खुंटी. घरी आल्यावर तो फोनमधून आपोआप सर्व्हरवर गेला. "त्याचं नाव घाल," आई म्हणाली. मी घातलं. कासुबा साम्पा.

"आणि त्या माणसाचं?" मी विचारलं. काटोंगोने फोनवर सांगितलं होतं, सगळे त्रेचाळीस पुसून टाक.

"कसे पुसशील? प्रत्येकात आपलंही कोणीतरी आहे." तिने रुमाल उचलून त्या डब्याच्या तापलेल्या पाठीवर हात ठेवला आणि काढला. "त्याचंही घाल. पूर्ण नाव घाल. भाऊजी लिहू नकोस."

महिनाअखेरीस काटोंगो आला. येताना तोंडाचा पट्टा चालूच होता, या माणसाला मी वर्गासमोर उभा करीन, वर्तमानपत्रात देईन. आधी स्मशानात जाऊन आला. मग आईने नको म्हटलं तरी चिमवेमवेला गेला. दुपारी दोनला गेलेला माणूस संध्याकाळी सहाला परतला. हात धुतले, आईने वाढलेला मक्याच्या पिठाचा न्शिमा खाल्ला, दोनदा मागून घेतला.

"काय झालं?" मी विचारलं.

"बोललो," तो म्हणाला.

"काय बोललात?"

त्याने ताट उचललं आणि मोरीवर नेऊन, या घरात पहिल्यांदाच, स्वतः धुतलं. आज पाच महिने झाले. त्या चार तासांत दोघं काय बोलले, ते त्याने ना मला सांगितलंय, ना आईला.